देहदानाच्या अर्जावरची सही

डायलिसिस सेंटरमधल्या सिस्टर परवा म्हणाल्या, "मामा, तुम्ही इतकी वर्षं काढली इथं. नवीन पेशंट आले की घाबरतात, रडतात. त्यांना धीर येईल असं काहीतरी लिहून द्या ना. आपण झेरॉक्स काढून वाटू." मी हो म्हणालो. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडं धीर सोडून बाकी सगळं आहे. तेव्हा ज्याला धीर हवा असेल त्यानं हे कागद शेजारच्या पलंगावर सरकवावेत. सिस्टरांनी वाटले नाहीत तरी माझी तक्रार नाही.

माझं नाव कचरू. थोरल्या भावानंतरची, माझ्याआधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून नजर लागू नये यासाठी आईनं ठेवलेलं नाव. मूळ गाव पैठणकडचं, घरात मेंढरं होती. मी शहरात आलो आणि एका मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात अटेंडंट म्हणून चिकटलो. तीस वर्षं तिथंच काढली. सरळ सांगायचं तर प्रेतं सांभाळायचं काम. आलेला देह धुवायचा, औषध भरताना डॉक्टरांना मदत करायची, टाकीत ठेवायचा, पोरं शिकायला आली की टेबलावर काढून द्यायचा आणि संध्याकाळी झाकायचा. पोरं मला मामा म्हणायची. दरवर्षी पहिल्या दिवशी दोघं-तिघं तरी भोवळ येऊन पडायची. त्यांना उचलून खिडकीशी बसवायचं कामही मामाचंच.

दोन्ही

रिटायर झाल्यावर आम्ही बजाजनगरला मुलाकडं राहायला आलो. मुलगा वाळूजला कंपनीत आहे. सहा महिने नीट गेले. मग पाय सुजायला लागले. मी म्हणायचो चपलेमुळं, बायको म्हणायची दवाखान्यात चला. कांता म्हणजे माझी बायको. तिचं ऐकायचं नाही हा माझा जुना नेम.

शेवटी गेलो. तपासणारा डॉक्टर माझ्याच हाताखालून गेलेला. म्हणजे तो शिकत होता तेव्हा मी टेबलं पुसत होतो. किडनी कशी दिसते हे त्याला मीच ट्रेमध्ये आणून दाखवलं होतं. त्यानं रिपोर्ट पाहिला आणि कॉम्प्युटरकडं बघत म्हणाला, "मामा, दोन्ही गेल्यात." माझ्याकडं बघून सांगायची त्याची हिंमत झाली नाही. पुस्तकं पाठ करून घेतात, हे कोणी शिकवत नाही.

कांतानं विचारलं, "मंग गोळ्या किती दिवस घ्यायच्या?"

"मावशी, गोळ्या नाही. मशीन. आठवड्यातून दोनदा. कायमचं."

बाहेर आल्यावर मी तिच्यावरच ओरडलो. काय म्हणून ओरडलो ते आठवत नाही, पण ओरडलो हे पक्कं आठवतं. ती सिटी बसमध्ये वाळूज येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसली. त्या दिवशी भीती मला वाटली होती आणि तिला तर वाटायचीही सवड मिळाली नाही. हे आता लिहिताना कळतंय.

पाणी

नवीन पेशंटांना एक गोष्ट सांगतो, ती खरी आहे. सुईची सवय होते. मशीनच्या आवाजाची होते. तहानेची होत नाही. किडनी गेली की प्यायलेलं पाणी अंगातच साठतं, म्हणून ते मापानं प्यायचं. ज्या शहरात नळाला पाणी कधी येणार म्हणून लोक वाट बघत बसतात, तिथं मला घरात भरलेला माठ असून घोट मोजावे लागतात. मे महिन्यात मी दुसऱ्यांना पाणी पिताना बघत बसायचो. सून ग्लास घेऊन आतल्या खोलीत जायला लागली, तेव्हा मला लाज वाटली.

सेंटरमध्ये शेजारच्या पलंगावर रफिकभाई असायचे. रोशन गेटकडं त्यांचं पंक्चरचं दुकान, आता मुलगा बघतो. त्यांनी मला लवंग शिकवली. दर वेळी आले की माझ्या तळहातावर एक लवंग ठेवायचे. "चूसो मामा, प्यास मरती. डॉक्टरकू बोलू नक्को." डॉक्टरांनी कधी मनाई केलीच नव्हती, पण चोरून केल्यामुळं तिची चव वाढायची. या आजारानं मला जे काही चांगलं दिलं त्यात ही लवंग सगळ्यात वर आहे. यादी फार मोठी नाही.

मला तिथंच असायचं होतं

तीस वर्षांत माझ्या टेबलावर आलेले बहुतेक देह बेवारस होते. बसस्टँडवर मेलेले, पुलाखाली सापडलेले. नाव नाही, पायाच्या अंगठ्याला नंबर. देहदानावर भाषणं पुष्कळ व्हायची. हार, नारळ, टाळ्या. भाषण करणारे मोठमोठे डॉक्टर. त्यांच्यातल्या एकाचाही अर्ज मी पाहिला नाही. गरिबाच्या मढ्यावर शिकायचं आणि आपलं मढं मात्र चंदनात जाळायचं, हा त्यांचा हिशेब मला कधी पटला नाही. तेव्हाच ठरवलं होतं की आपला देह द्यायचा. नावानिशी द्यायचा.

हे झालं मोठेपणाचं कारण. दुसरंही आहे आणि ते जास्त खरं आहे. मला मेल्यावरही त्याच हॉलमध्ये पोरांसमोर असायचं होतं. मला दुसरीकडं कुठं जायचं माहीत नाही. आणि मशीनवर पडल्यापासून तर मी कोणाच्याच उपयोगाचा उरलो नव्हतो. मुलगा रजा काढून मला आणायचा-न्यायचा, सून पथ्याचं वेगळं शिजवायची, कांता माझं ओरडणं ऐकायची. निदान शेवटी तरी कोणीतरी म्हणावं की मामाचा उपयोग झाला.

अर्ज आणला. त्यावर शहराचं जुनंच नाव छापलेलं होतं. क्लार्कनं पेनानं खोडून वर छत्रपती संभाजीनगर लिहिलं आणि म्हणाला, "खाली जवळच्या नातेवाइकाची सही लागेल मामा. तुम्हाला काय सांगायचं!"

पुतळा

पहिला भडका उडाला तो गावाकडून. माझे थोरले भाऊ, नाना, ऐकल्या ऐकल्या एसटीनं आले. पाणीही न पिता म्हणाले, "कचरू, आरं अग्नी नाय, माती नाय, मंग सुटका कशी व्हनार तुझी? तिकडंच लटकत ऱ्हाशील."

मी म्हणालो, "नाना, तीस वर्षं इथं लटकलेलोच होतो."

ते गेले आणि पंधरा दिवसांनी पुन्हा आले. या वेळी चेहरा उजळलेला. गावातल्या गुरुजींना विचारून आले होते. माणूस पुरात वाहून गेला, देह सापडलाच नाही, तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तशी सोय आहे. "तू तिकडं दवाखान्यात जा खुशाल. आमी तुझा पुतळा जाळू. दहावा, तेरावा समदं रीतसर." मग माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाले, "उंची किती धरायची रं? आता वाळलास लई."

मी हसलो. आजारपणात इतकं हसलेलो मला दुसरं आठवत नाही. नानांची सही अर्जाला लागत नव्हती, तरी साक्षीदार म्हणून त्यांनी अंगठ्याएवढ्या अक्षरात ती केली.

कांतानं मात्र केली नाही.

तिला पुतळ्याशी घेणं नव्हतं. तिला तेरावा-चौदावा कशाचंच पडलं नव्हतं. ती म्हणायची, "तुमच्या अंगाला कुनी सुरी लावायची, अन् त्याला मी व्हय म्हनायचं?" मी तिला समजावलं. शिक्षण सांगितलं, विज्ञान सांगितलं, पुलाखालची माणसं सांगितली. ती ऐकून घ्यायची, "उद्या बघू" म्हणायची आणि भांडी घासायला जायची. मी तिला अडाणी म्हणालो. तुझ्यासारख्या बायकांमुळं देश मागं राहिला, असंही एकदा मुलासमोर म्हणालो. लग्न झालं तेव्हा माझ्या कपड्यांना औषधाचा वास यायचा. तेव्हा ही बाई नाकाला पदर न लावता ते कपडे धुवायची. हे त्या वेळी मला आठवलं नाही. दोन वर्षं मी तिच्या मागं लागलो होतो.

सही कशी मिळवली

हे लिहू नये असं मुलाचं म्हणणं आहे. लिहितो.

एकदा मशीनवर असतानाच माझा बीपी एकदम पडला. डोळ्यापुढं अंधार, धावपळ, पाय वर, सलाईन. चार दिवस वॉर्डात ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी कांता स्टुलावर बसून सफरचंद कापत होती. मी हळू आवाजात म्हणालो, "एवढं कर माझ्यासाठी. नाहीतर जीव अडकून राहील माझा."

मी मरत नव्हतो. मला ते कळत होतं. मेलेल्या माणसांत आयुष्य काढलेला माणूस आहे मी, आणि डॉक्टर उद्या-परवा घरी सोडायचं म्हणत होते. तरी मी आवाज बारीक केला, डोळे अर्धे मिटले. अर्ज उशाखालीच होता. कांतानं हात पदराला पुसले आणि एकेक अक्षर लावत सही केली. मग उठून व्हरांड्यात गेली. बराच वेळ आली नाही. मी जिंकल्यासारखा पडून राहिलो आणि कापलेलं सफरचंद खाल्लं.

वेगळी खोली

पुढच्या वर्षी रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत हिपॅटायटिस सी निघाला. कावीळच ती, रक्तातून येणारी. कुठून आली? रक्त चढवलं तेव्हा, की मशीनमधून, की कोणाच्या हातमोज्यातून? मी विचारत राहिलो. सिस्टर म्हणाल्या डॉक्टरांना विचारा, डॉक्टर म्हणाले सांगता येत नाही, टेक्निशियन म्हणाला आमच्याकडं सगळं स्वच्छ असतं. सगळं स्वच्छ होतं आणि मला कावीळ झाली होती. बरं व्हायला गेलेल्या माणसाला दवाखान्यातून आजार मिळतो आणि वर त्यालाच गुन्हेगारासारखं कोपऱ्यात नेऊन बसवतात. मला आतल्या खोलीत हलवलं. तिथलं मशीन वेगळं, दारावर लाल अक्षरात पाटी. बाहेरचे पेशंट पाटी वाचायचे आणि माझ्याकडं बघायचे.

रफिकभाई दारापर्यंत यायचे. आत यायला त्यांना परवानगी नव्हती. सिस्टरच्या हातात लवंग द्यायचे आणि तिथूनच ओरडायचे, "मामा, व्हीआयपी रूम मिल गया तुमकू!" पुढं एका गुरुवारी ते आलेच नाहीत. त्यांच्या पलंगावर दुसरं कोणी होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की मंगळवारी गेले.

तीन महिने गोळ्या घेतल्या. डॉक्टर खूश झाले. "मामा, विषाणू संपला. तुम्ही कावीळमुक्त." त्यांनी हातही मिळवला. मग जाता जाता म्हणाले, "फक्त एक लक्षात ठेवा. साधी कार्डवरची टेस्ट केली की ती पॉझिटिव्हच येणार, आयुष्यभर. रोग जातो, खूण राहते."

मी जिन्यात थांबलो. आता वाचणाऱ्याला कदाचित कळणार नाही, पण मला कळलं होतं. देह घेताना कोणाचे घ्यायचे नाहीत, याची यादी विभागाच्या दारावर असते. एड्स, टीबी, रक्तातल्या दोन्ही काविळी, बी आणि सी. ती यादी मीच चिकटवली होती.

यादी पाठ आहे

विभागात गेलो. प्रमुख मॅडम आता ज्या आहेत त्या पहिल्या वर्षाला असताना टेबलाशीच पडल्या होत्या, तोंडावर पाणी मी मारलं होतं. त्यांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, नंतर आठवून अर्धा कपच मागवला. रिपोर्ट दोनदा वाचला.

"मामा, यादी तुम्हालाच पाठ आहे."

"बरा झालोय मॅडम. डॉक्टरांनी लिहून दिलंय, रक्तात विषाणू नाही."

"मला माहितीय. पण त्या वेळी दारात टेस्ट होईल ती पॉझिटिव्ह येईल. अटेंडंट नाही म्हणेल. मी त्याला सांगू का, की हे आपले मामा आहेत, घे? आणि त्याच्या हाताला काही लागलं तर?"

मीच ते वाक्य कित्येकांना ऐकवलं होतं. एकदा कन्नडकडून जीपमध्ये बापाला घेऊन दोघी बहिणी आल्या होत्या. बापाची शेवटची इच्छा म्हणून सगळ्या गावाशी भांडून आल्या होत्या. मी कागद पाहिले, "कावीळ आहे, जमणार नाही," म्हणालो आणि आत जाऊन जेवायला बसलो. त्या बराच वेळ जीपजवळ उभ्या होत्या. मी खिडकीतून पाहिलं आणि डबा संपवला.

मॅडमनी माझा जुना अर्ज फाइलीतून काढला आणि त्यावर आडवी रेघ मारली. वाईट त्यांनाही वाटलं असेल. मला मात्र माझं प्रेतसुद्धा नापास झाल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर नानांचा फोन. "बरं झालं बाबा. आता आपल्या शेतातच करू. पुतळ्याची कटकट गेली." मी फोन ठेवून दिला. नंतर आठ दिवस मी पलंगावर पडून होतो. जेवण पुढं आलं की दोन घास खाऊन सरकवायचो. मशीनवर जायचं तेवढं जायचो.

मंग घ्या

नवव्या दिवशी सकाळी ती एकटीच कुठंतरी गेली. आजवर एकटीनं सिटी बसनं ती शहरात कधी गेली नव्हती. दुपारी आली, हातपाय धुतले, सुनेबरोबर आत काहीतरी लिहीत बसली आणि मग माझ्यासमोर कागद आणून ठेवला. तोच अर्ज. वर तिचं नाव.

"हे काय?"

"माझा फारम. तुमचा घेत नाय, तर माझा घेतेत. इचारून आले मी. मला साखर हाय, ती चालती म्हने. मला कावीळ नाय, काय नाय."

"तुला कोणी सांगितलं हे करायला?"

"तुमीच. दोन वर्षं दुसरं काय बोलला? पोरं शिकतेत. दर टायमाला पुलाखालचाच मानूस कामून? नावाचं कुनी तरी पायजे. समदं पाठ झालंय माझं." ती खाली बसली. "आठ दिस झाले, जेवत नाय तुमी. मंग घ्या. आपल्या घरातलं एक मानूस तर जाईल तिथं. फकस्त इथं तुमची सही लागती."

तिनं पेन पुढं केला. 'जवळच्या नातेवाइकाची संमती' असं लिहिलेल्या जागी तिनं बोट ठेवलं होतं.

मी पेन घेतला. आणि मला ते सगळं दिसलं, जे मी दर आठवड्याला करत होतो. देह आला की पहिलं काम केस काढायचं. वस्तरा घ्यायचा आणि कपाळापासून मागं न्यायचा. कांताचे केस अजून कमरेपर्यंत आहेत. अर्धे पांढरे झालेत, तरी रविवारी ती उन्हात बसून त्यांना तेल लावते. माझ्या जागी आता जो माणूस आहे तो वाईट नाही, मीच त्याला तयार केलंय. तो बादलीत केस टाकेल आणि बादली दाराशी सरकवेल. मग टेबल. पोरं भोवती उभी राहतील आणि सिनेमाच्या गप्पा मारतील. त्या गप्पाही मीच शिकवल्यात. भीती वाटली की बोलत राहा, हे नुसतं शरीर आहे, असं मी प्रत्येक बॅचला सांगत आलो. कांताचं नुसतं शरीर मला काही केल्या दिसेना. मला ती स्टुलावर सफरचंद कापताना दिसत होती.

"चष्मा कुठाय माझा?" मी म्हणालो.

"डोळ्याला हाय."

"हाताला सूज आहे आज. अक्षर नीट येणार नाही."

ती माझ्या हाताकडं बघत राहिली. हाताला सूज नव्हती. मी पेन अर्जावर आडवा ठेवला.

"उद्या करतो," मी म्हणालो.

मला वाटलं ती चिडेल. ओरडेल, मी ओरडायचो तशी. दोन वर्षांचं सगळं काढेल. तिनं अर्ज उचलला, घडी पडणार नाही असा धरला आणि टीव्हीवर नीट ठेवला. मग उठता उठता, गुडघ्यावर हात टेकून, म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मीबी रोज उद्याच म्हनत व्हते."